तळमजल्यावरच्या काचपट्ट्या

मी, इमारतींच्या ताकदीचा हिशेब करणारा इंजिनियर, सध्या निवृत्त, राहणार ज्या घरात हा कागद लिहीत आहे त्याच घरात, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तशी खात्री करून घेतली. आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी वजा करत थेट दोनपर्यंत गेलो, तेव्हा त्यांनीच पुरे म्हटले. शरीराची ग्वाही मात्र देता येत नाही. हृदयाची एक झडप ठरलेल्या भारापेक्षा जास्त काम करत आहे. असे किती दिवस चालते याचा हिशेब मी आयुष्यभर लोकांना करून दिला आहे, तेव्हा माझा मला करता येतो.

हा कागद मी स्वखुशीने करत आहे असे लिहायची पद्धत आहे. खुशी फारशी नाही, पण स्वतःहून करत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणावा इतके महत्त्व मला देणे लोकांनी केव्हाच सोडले. वकीलबाईंनी दीड पानाचा मसुदा करून दिला होता आणि म्हणाल्या होत्या, काका, एवढे पुरे, बाकीचे मनात ठेवा. मनात ठेवून ठेवूनच झडप गेली, असे मी त्यांना सांगितले. त्यामुळे खालची कायद्याची वाक्ये त्यांची आहेत आणि बाकीची माझी.

१. हे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. पुढची खोली, मागच्या दोन, स्वयंपाकघर, आणि गच्चीवर जाणारा जिना, ज्याची तिसरी पायरी इतरांपेक्षा बोटभर उंच आहे. ती गवंड्याची चूक. मी ती तोडू दिली नाही, कारण इंजिनियरने रोज एकदा तरी ठेचकाळावे असे मला तेव्हा वाटत असे. हे घर, सामानासह आणि त्या पायरीसह, मी माझ्या एकुलत्या एका मुलीला देतो. अट एकच आहे. तिने, जावयांनी आणि नातीने या घरात राहायला यायचे. भाड्याने द्यायचे नाही, कुलूप लावून ठेवायचे नाही. या भिंतींच्या आत झोपायचे. मी हा सगळा खटाटोप या एका वाक्यासाठी करत आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कोणत्याही कारणाने मुलीचा हक्क पडला, तर घर कलम ६ मध्ये जाईल. असे कलम घालावेच लागते, असे वकीलबाई म्हणतात.

२. हत्यारे. भिंत सरळ उभी आहे का ते दोरीला टांगून पाहायचा पितळी ओळंबा नातीला द्यावा. ती तो हातात धरून डोलवते आणि थांबेपर्यंत श्वास रोखून बघते. अशी सवय असलेल्या माणसाचे पुढे हाल होतात, पण हत्यार योग्य हातात जाईल. काँक्रीट ठोकून पाहायचा हातोडा, जाड-पातळ मोजायच्या पट्ट्या आणि नकाशे ठेवायचा लांब डबा कोणत्याही शिकाऊ इंजिनियरला द्यावा. त्याचे मार्क पाहू नयेत. "नाही" म्हणता येते का, एवढे पाहावे.

माझा रबरी शिक्का माझ्या मृत्यूच्या दिवशीच उभा चिरावा आणि दोन तुकडे दोन वेगळ्या ठिकाणी टाकावेत. आमच्या धंद्यात माणूस मेला तरी त्याचा शिक्का कामावर जात राहतो. मी असे काही दाखले पाहिले आहेत ज्यांच्यावर सही करणाऱ्याच्या अंत्यविधीला मी स्वतः गेलो होतो. गेल्या वर्षी एकजण माझा शिक्का भाड्याने मागायला आला होता. म्हणाला, तुम्ही घरीच असता, शिक्का तरी बाहेर पडू दे. मी त्याला बसायलाही सांगितले नाही.

३. धाकटा. माझा सख्खा भाऊ, तोही इंजिनियर, आणि पूर्वी आमच्या कंपनीतला माझा भागीदार. त्याला मी काहीही देत नाही. यात राग आहेच. तो नाही असे लिहिले तर बुद्धी शाबूत असल्याबद्दल शंका येईल. पण कारण रागाचे नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, असा नियम आहे. केली तर मृत्युपत्र टिकते, पण त्या माणसाचा वाटा जातो. मला धाकट्याची सही साक्षीदार म्हणून हवी आहे. म्हणून त्याचे हात मी रिकामे ठेवत आहे.

त्याची सही का हवी हे सांगायचे तर त्या इमारतीबद्दल सांगावे लागेल. या शहराच्या जुन्या पाण्याच्या टाकीमागे ती उभी आहे. खाली गाड्या लावायची जागा, वर बिऱ्हाडे. तिचे नकाशे आणि हिशेब माझे होते. काम अर्ध्यावर आल्यावर बिल्डरच्या लक्षात आले की मोठी गाडी वळताना मधले दोन खांब आडवे येतात. त्याने ते बारीक केले. मग बाजारभाव चढला, तेव्हा त्याने वर आणखी दोन मजले चढवले. खांब बारीक आणि ओझे जास्त, हे समजायला इंजिनियर व्हावे लागत नाही. काम झाल्यावर तो इमारत मजबूत असल्याचा दाखला मागायला आला. मी सही करणार नाही म्हणालो.

धाकटा मला आत घेऊन गेला आणि समजूत घालू लागला. म्हणाला, दादा, तू नेहमी गरजेपेक्षा जास्त वाव ठेवतोस, त्या वावात दोन मजले सहज बसतात. मी त्याला सांगितले की तो वाव आपला नाही. तो निकृष्ट वाळूचा आहे, घाईचा आहे, भूकंपाचा आहे, आपल्याला माहीत नसलेल्या सगळ्याचा आहे. तो म्हणाला, तू असाच राहा. दुसऱ्या दिवशी दाखल्यावर त्याची सही होती.

मी घरे घेणाऱ्या लोकांना पत्रे पाठवून सगळे कळवले. त्यावर आमच्या व्यवसायाच्या मंडळाने माझ्यावरच चौकशी लावली. इंजिनियरने पाळायचे नियम त्यांच्याच पुस्तकात आहेत. पहिल्यात लिहिले आहे की लोकांचा जीव सर्वांत वर. पुढे एका नियमात लिहिले आहे की ग्राहकाची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. मी विचारले, दोन्ही एकमेकांवर आदळले तर कोणता धरायचा? अध्यक्षांनी चष्मा पुसत सांगितले, पहिले तत्त्व आहे, दुसरा नियम आहे. माझा परवाना स्थगित झाला. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि वर शेताला दंड केला.

मग बिल्डरने अब्रूनुकसानीचा दावा लावला. पत्नी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती आणि मी तिच्या उशाशी बसायचे सोडून कोर्टाच्या बाकावर बसत होतो. शेवटी तडजोड झाली. त्या इमारतीच्या मजबुतीबद्दल मी माझ्या हयातीत काही बोलणार नाही आणि लिहिणार नाही. मोडले तर भरपाई या राहत्या घरातून वसूल होईल. 'हयातीत' हा शब्द वकीलबाईंनी घालून घेतला. तेव्हा मला त्याचे महत्त्व कळले नव्हते. मृत्युपत्र माझ्या हयातीनंतर बोलते, आणि म्हणून हे सगळे मी इथे लिहीत आहे.

४. माझी मुलगी त्याच इमारतीत राहते. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. मला रोज वाटते. धाकट्याला त्या कामाच्या मोबदल्यात दुसऱ्या मजल्यावर एक घर मिळाले होते. मुलीच्या लग्नात त्याने ते तिला भेट दिले, आणि चारचौघांत म्हणाला, माझ्या सहीवर माझा विश्वास आहे, माझी पुतणी मी तिथे ठेवतो. माझ्याजवळ तिला द्यायला तेव्हा काही नव्हते. तडजोडीमुळे तोंडही उघडता येत नव्हते. मी तिला फक्त नको म्हणालो आणि कारण सांगितले नाही. कारण तिला माहीत होतेच, पण तिला वाटले दोघा भावांचे भांडण आहे, आणि कोणा एकाने तरी ते मिटवायला हवे. ती राहायला गेली.

मुलीला भेटायला जायला तडजोडीत बंदी नव्हती. काच चिकटवायलाही नव्हती. खांबांच्या डोक्याशी, तुळईत, बारीक तडे आलेले होते. अशा तड्यावर आडवी काचेची पट्टी ठेवतात आणि दोन्ही टोके सिमेंटने घट्ट बसवतात. तडा केसभर जरी वाढला तरी काच तुटते. काच शाबूत म्हणजे तडा जुना आहे आणि थांबलेला आहे. मी पट्ट्या कापायचो, हिऱ्याच्या लेखणीने त्यांवर तारीख कोरायचो आणि शिडीवर चढून लावायचो. रखवालदाराला वाटे की हा वाळवीवरचा काही उपाय आहे. त्याने स्वतःच्या खोलीतही एक लावून मागितली, आणि मी लावून दिली.

काचा शाबूत राहिल्या. वर्षामागून वर्षे गेली. नात झाली, चालू लागली, शाळेत गेली, आणि मी प्रत्येक भेटीत आधी काचा बघायचो आणि मग वर जायचो. एकही तुटली नाही. मी माझे हिशेब पुन्हा केले. उत्तर तेच यायचे, काच मात्र वेगळे सांगायची. माणूस कागदावर किती दिवस अडून बसणार? मला वाटू लागले की मी चुकलो. धंदा, परवाना, पत्नीजवळ बसायचे दिवस, सगळे मी एका चुकीच्या हिशेबापायी घालवले. हे कळणे कठीण होते, पण त्यात सुटकाही होती. पोरीचे घर पडणार नाही, या बदल्यात मी आनंदाने मूर्ख ठरायला तयार होतो.

त्या सोसायटीच्या सभेत जाऊन मी सर्वांसमोर हात जोडले. तडजोडीने मला वाईट बोलायला बंदी होती, चांगले बोलायला नव्हती. मी म्हणालो, मी तुम्हाला विनाकारण घाबरवले, माफ करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीने इतिवृत्तात नोंद घेतली. धाकटा मला मिठी मारून रडला, खरेच रडला. त्यानंतर मला बरी झोप लागू लागली.

मागच्या हिवाळ्यात एके संध्याकाळी तिथला दिवा गेलेला होता. मी शिडीवर चढून अंधारात काच चाचपली. अंगठा कडेवरून फिरवला आणि तो कापला नाही. माझी काच मी टेबलाच्या कडेवर मोडायचो, तिच्या कडेने माझी बोटे अनेकदा रक्ताळली आहेत. ही कड गुळगुळीत होती, तिरकी घासलेली. चष्म्याच्या काचा घासायच्या यंत्रावर अशी कड निघते. माझी मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते.

मी वर गेलो. ती नातीच्या वहीला कव्हर घालत होती. मी विचारले, "काचेच्या कडा कुणी घासल्या?"

कव्हरची कड दुमडत ती म्हणाली, "खाली मुलं खेळतात, बाबा. कुणाचा हात कापला असता."

तिने फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत तुटलेल्या काचा होत्या, चष्मा पुसायच्या मऊ फडक्यात एकेक गुंडाळलेली. का ठेवल्या, असे मी विचारले, तर म्हणाली की तुमच्या हातची तारीख होती त्यावर, टाकवेना. पहिली तुटली तेव्हा तिला वाटले की मुलांचा चेंडू लागला. मला तेव्हा नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला होता आणि धक्का बसू देऊ नका असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. तिने दुकानात तशीच पट्टी कापली, माझ्यासारखी तारीख कोरली आणि लावली. मग दुसरी तुटली. मग तिने लावलेल्याही तुटू लागल्या. शेवटच्या शेवटच्या फार लवकर तुटत होत्या.

"तुम्हाला झोप लागायला लागली होती," ती म्हणाली.

मला तिच्यावर रागावता आले नाही. ज्या काचांच्या भरवशावर मी माफी मागितली, त्या माझ्याच पोरीने माझ्यावरच्या मायेने लावलेल्या होत्या. माझ्या आयुष्यात एकच गोष्ट मी बरोबर केली होती, आणि ती चूक होती असे मी स्वतः उठून सांगून आलो होतो. त्या दिवसापासून मला कशातही चव राहिलेली नाही. मी जेवतो कारण समोर ताट येते.

मी हात बांधून बसलो नाही. बांधकाम खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने उठून खुर्ची दिली, पाणी दिले, सगळे ऐकले, आणि म्हणाला, सर, तुम्हीच तर भर सभेत माफी मागितली. तरी लेखी द्या, मी बघतो. लेखी दिले तर तडजोड मोडते आणि हे घर जाते. हे घर गेले तर मुलीला त्या इमारतीतून काढून ठेवायला माझ्याजवळ जागा नाही. मी कागद न देता परत आलो. एका पारड्यात माझी पोर आणि दुसऱ्यात तिथली सगळी बिऱ्हाडे, असा हिशेब मी तेव्हापासून करत आहे. तो जुळत नाही. मी मरायची वाट बघतो आहे, म्हणजे हा कागद बोलू लागेल; आणि मी रोज उठतो, तो प्रत्येक दिवस त्या लोकांच्या वाट्यातून जातो. आमच्या नियमांच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

मुलीला मी, आजच्या आज इकडे राहायला ये, असे किती वेळा विनवले. ती म्हणते, विकून आले तर दुसऱ्याची मुले तिथे झोपतील. कुलूप लावून आले तर शेजाऱ्यांना तसेच सोडून पळाले असे होईल. सगळ्यांना सांगून सगळेच निघू. तिने सेक्रेटरीला सांगूनही पाहिले. तडजोड माझी होती, तिची नव्हती. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला बापाचं घर मिळणार आहे. तुम्ही निघाल, आमचे भाव पडतील, मग तुम्हीच इथली दोन घरं स्वस्तात घ्याल." सुंभ जळतो पण पीळ राहतो, तसा माझा पीळ तिच्यात उतरला आहे. ती भांडली नाही. पण तिथून हललीही नाही.

५. त्या इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला, रखवालदारासह, मी एकेक काचेची पट्टी मृत्युपत्राने देतो. पट्ट्या कापून, तारखेची जागा मोकळी ठेवून, माझ्या टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत. ही थट्टा नाही. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करताना ज्याला ज्याला काही मिळते त्या प्रत्येकाला नोटीस आणि या कागदाची प्रत द्यावी लागते. माझी पत्रे त्यांनी केराच्या टोपलीत टाकली. कोर्टाची नोटीस तरी उघडून बघतील. आपल्याला काय मिळाले हे बघायला माणूस सगळा कागद वाचतो, हा एवढा एक भरवसा मला माणसांबद्दल अजून उरला आहे.

पट्टी कशी लावायची ते मुलगी दाखवेल. कडा तिने घासून दिल्या आहेत.

६. माझी बँकेतली शिल्लक आणि जे काही दुसरीकडे गेले नाही ते सर्व त्या इमारतीसाठी द्यावे. आधी मधल्या खांबांना लोखंडी टेकू लावावेत. मग मला किंवा धाकट्याला न ओळखणाऱ्या इंजिनियरकडून तपासणी करून घ्यावी. तो जे म्हणेल ते मान्य करावे, मी चुकलो असे म्हणाला तरीही. शिल्लक त्याला पुरणार नाही हे मला ठाऊक आहे. दुसरे काही नाही म्हणून ती देत आहे.

७. सोसायटीच्या सभेत मागितलेली माफी मी या कागदाने परत घेतो. सेक्रेटरीने तशी नोंद त्याच इतिवृत्तात, त्याच शाईने करावी. धाकट्याकडून मिठी परत घेत नाही. ती त्याच्याजवळ राहू द्यावी, त्याला लागेल.

८. माझ्यामागे सभा घेऊ नये. आमच्या मंडळाने हार पाठवला तर तो आणणाऱ्याला पाणी विचारावे आणि हार परत पाठवावा. परत मिळाल्याची पोच घ्यावी.

९. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि धाकटा सही करतील. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे कायदा म्हणत नाही. पण धाकटा वाचेल. त्या दाखल्यावर सही करताना त्याने डोळे मिटले होते असे मला वाटते. या कागदावर त्याने डोळे उघडे ठेवून सही करावी, आणि इमारतीबद्दल दोन्ही भावांची नावे एका कागदावर यावीत. लोक तेव्हा तरी विश्वास ठेवतील. यापलीकडे मला त्याच्याकडून काही नको आहे.

सही करण्यापूर्वीची भर, माझ्या हाताने:

वरचा मजकूर टाइप होऊन आला आणि आज दुपारी सगळे पुढच्या खोलीत जमलो. डॉक्टर, वकीलबाई, धाकटा, आणि त्याला गाडीतून घेऊन आलेली मुलगी. मुलीने हा कागद आधी पाहिलेला नव्हता. धाकट्याने खिशातून पेन काढले, चष्मा लावला आणि वाचायला बसला. चौथ्या कलमाशी तो थांबला. मागे गेला, पुन्हा वाचले. त्याने मुलीकडे बघून विचारले, काचा खरेच तुटत होत्या? ती हो म्हणाली.

त्याने पेनाला टोपण लावले. "दादा, माझ्यावर फौजदारी लागेल रे," तो म्हणाला. "या वयात."

तो उठला, चपला घालताना भिंतीला धरले, आणि गेला. ज्याने आयुष्यात समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सही केली, त्याने पहिल्यांदा एका कागदाला नकार दिला, आणि तो कागद माझा होता. मला हसू आले. डॉक्टर घाईने माझी नाडी बघायला उठले.

वकीलबाई म्हणाल्या, शेजारच्या कुणालाही बोलावू, साक्षीदार कोणीही चालतो. तोवर मुलीने कागद ओढून घेतला होता. ती उभ्यानेच सगळे वाचत होती. वाचून झाल्यावर तिने वकीलबाईंना विचारले की मी सही केली तर माझा वाटा जातो ना. वकीलबाई म्हणाल्या, जातो, सगळा जातो, यजमानांनाही काही घेता येत नाही. घर तिच्या हातून जाऊन सहाव्या कलमात पडेल. काचेची पट्टीसुद्धा मिळणार नाही.

मी तिला नको म्हणालो. हात जोडले. सभेत जोडले होते त्यापेक्षा जास्त मनापासून जोडले. सांगितले की मी सगळे एवढ्याचसाठी लिहिले आहे, तुला या घरात झोपलेले बघायचे आहे, म्हणजे मेल्यावर का होईना.

ती माझ्याजवळ खाली बसली. म्हणाली, "बाबा, ज्याला फायदा आहे त्याने सही करू नये, हे तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात. मला घर मिळणार म्हणून कुणी माझं ऐकत नाही. आणि घर जाईल म्हणून तुम्ही बोलत नाही. मग हे घर राहू दे बाजूला. आता बोला."

ती खरे बोलली. माझ्या तोंडावर तडजोडीने हात ठेवला होता असे मी समजत होतो; तो हात या घराचा होता. आता मला गमावायला काही राहिले नाही. बिल्डरने हे घर घेतले तर घेऊ दे. मी मेल्यावर वाचायचा हा कागद ती आज संध्याकाळी इमारतीच्या तळमजल्यावर, त्या खांबांपाशी, लोकांना वाचून दाखवणार आहे, आणि मी शेजारी उभा राहणार आहे. तुटलेल्या काचांचा डबा सोबत नेणार आहोत. ते ऐकतील असे मला वाटत नाही. टाळ्या वाजवणारे लोक वेगळे असतात आणि सामान बांधणारे वेगळे. म्हातारपणी चळ लागला, असे म्हणतील. तरी जाणार आहे.

मला एवढेच दुःख आहे की मी तिला बाहेर काढायला निघालो होतो आणि ती तिथेच राहिली. आयुष्यात मी तिला एकच नियम शिकवला आणि तिने तो माझ्याविरुद्ध पाळला. बाप म्हणून माझा पराभव झाला आहे. दुसरे कोणतेही नाव मला त्याला देता येत नाही, आणि कोणी दिलेले मला चालणार नाही.

कलम ९ मध्ये धाकट्याचे नाव आहे ते तसेच ठेवावे. खोडू नये. त्याची जागा रिकामी दिसू द्यावी.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष खाली सही केली. सही वाकडी आली आहे. माझीच आहे.

(सही) मृत्युपत्र करणारा

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: आजचा मंगळवार, दुपार, तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे

साक्षीदार पहिला: डॉक्टर. यांना मी आज तपासले. सही करताना ते पूर्ण शुद्धीवर होते. नाडी जलद.
(सही)
राहणार: समोरची गल्ली, दवाखान्याच्या वर

साक्षीदार दुसरी: मुलगी. वडिलांनी माझ्यासमोर सही केली. या कागदातून मला काहीही मिळत नाही. काचा मीच बदलत होते. शेवटची परवा तुटली.
(सही)
राहणार: वर लिहिलेली इमारत, दुसरा मजला